जपानी खेड्यांतील ओस घरें आणि त्यांचा जीर्णोद्धार

जपानच्या डोंगराळ मुलखांत जुनें घर विकत घेणें ही आज मोठीशी अवघड गोष्ट राहिलेली नाहीं. अवघड आहे तें त्या घरांत पुन्हां विस्तव पेटविणें आणि तो पेटता ठेवणें. इ. स. २०२३ सालीं त्या देशाच्या सरकारनें घरांची मोजणी केली, तींत सुमारें ९० लक्ष घरें रिकामीं आढळलीं. म्हणजे दर शंभर घरांमागें जवळजवळ चौदा घरांत राहणारें कोणी नव्हतें. यांपैकीं निम्म्याच्या सुमारास भाड्यानें द्यावयाचीं बिऱ्हाडें आहेत, व तीं आज ना उद्यां भरतील. पण उरलेल्यांत अशीं कितीतरी आहेत कीं, ज्यांच्या गवती छपरांवर आतां रोपें उगवलीं आहेत आणि ज्यांच्या अंगणांत वेळूंचें रान शिरलें आहे.

घर ओस कसें पडतें याची हकीकत बहुधा एकसारखीच असते. मुलगा नोकरीसाठीं ओसाकाला किंवा तोकियोला जातो आणि तेथेंच संसार मांडतो. आईबाप गांवीं राहतात. बाप जातो, कांहीं वर्षांनीं आई जाते, आणि दाराला कुलूप लागतें. कुलूप लागतें तेव्हां आंत एक लांकडी देव्हारा तसाच राहिलेला असतो. त्यांत कुळांतील मृतांच्या नांवांच्या पाट्या असतात. त्याला बुत्सुदान म्हणतात. उन्हाळ्यांत पितरांचा ओबोन नांवाचा सण येतो, तेव्हां मुलगा चार दिवस येऊन झाडलोट करतो, दिवा लावतो आणि परत जातो. अशा घरावर ‘विकणें आहे’ ही पाटी त्यानें कशी लावावी? घर रिकामें आहे खरें. पण त्यांत कोणीच नाहीं असें त्याला वाटत नाहीं.

भावनेच्या जोडीला हिशेबही आहे. घर उभें असलेल्या लहानशा जागेवरील करासाठीं जमिनीची किंमत एक षष्ठांशच धरली जाते. घर पाडून जमीन मोकळी केली कीं ही सवलत जाते. तेव्हां विकणें नको, पाडणें नको आणि दुरुस्तीला पैसा नाहीं, अशा अवस्थेंत घर वर्षानुवर्षें कुजत राहतें. २०१४ सालीं रिकाम्या घरांसंबंधीं एक स्वतंत्र कायदा झाला आणि २०२३ सालीं तो कडक करण्यांत आला. हेळसांड केलेल्या घराची करांतील सवलत आतां जाऊं शकते. एप्रिल २०२४ पासून वारसानें तीन वर्षांच्या आंत आपलें नांव सरकारदप्तरीं लावलेंच पाहिजे, असाही नियम झाला आहे. तत्पूर्वीं घर आजोबाच्या नांवावर आणि वारस देशभर पांगलेले, हा प्रकार सर्रास आढळे. घेणारा तयार असला तरी सही कोणाची घ्यावी हेंच त्याला कळत नसे. पुष्कळ गांवच्या कचेऱ्यांनीं आतां रिकाम्या घरांच्या याद्या ठेवल्या आहेत. त्यांना ‘आकिया बँक’, म्हणजे रिकाम्या घरांची पेढी, असें नांव आहे. या पेढींतील कित्येक घरांची किंमत एखाद्या जुन्या मोटारीहून अधिक नसते. मात्र स्वस्त मिळालेल्या घरासारखें महाग घर दुसरें नाहीं, हें घेणाऱ्याला पहिल्या पावसाळ्यांतच उमगतें.

तें कां, हें समजण्यासाठीं या घराची रचना थोडी न्याहाळली पाहिजे. जपानी शेतकऱ्याच्या जुन्या घराचा सारा भार खांब आणि तुळया यांच्यावर असतो. वाड्याच्या खांबाखालीं जसा तळखडा असतो, तसाच येथेंही दगड असतो. पण खांब त्या दगडावर नुसता उभा असतो, त्याला जखडलेला नसतो. लांकडें एकमेकांत खांचांनीं आणि पाचरांनीं बसविलेलीं असतात. खिळ्यांचा उपयोग फार थोडा. तुळयांसाठीं डोंगरउतारावर बर्फाच्या भारानें वांकलेलीं झाडें मुद्दाम निवडीत आणि त्यांचा बांक वरच्या अंगास ठेवून तीं बसवीत. भिंती म्हणजे वेळूच्या कामट्यांचा कूड आणि त्यावर पेंढा कालवलेली माती. घराचा एक भाग चोपून घट्ट केलेल्या जमिनीचा असतो. त्याला दोमा म्हणतात. चूल, अवजारें, ओलीं पादत्राणें यांची जागा ती. उरलेला भाग उंच लांकडी जमिनीचा. बाहेरच्या अंगास कोंकणांतील ओटीची आठवण करून देणारी अरुंद फळ्यांची पडवी असते, तिचें नांव एंगावा. आणि मधल्या दालनांत, जमिनींतच चौकोनी खळगा करून, राखेंत पेटविलेली आगटी असते. तिचें नांव इरोरी.

ही आगटी केवळ शेकण्याकरितां किंवा आढ्यापासून टांगलेल्या आंकड्यावर किटली लटकविण्याकरितां नसते. घराला धुराडें नाहीं. धूर वर चढतो, तुळयांमधून फिरतो आणि गवतांतून झिरपत बाहेर पडतो. जातांना तो गवत वाळवितो, किडे पळवितो, आणि वासे ज्या दोरांनीं बांधलेले असतात त्या दोरांवर काजळीचा थर चढवून त्यांना टणक करतो. शंभर-दीडशें वर्षें असा धूर खाल्लेला वेळू तपकिरी होऊन चकाकूं लागतो. सुसुदाके नांवाच्या या वेळूला चहाच्या विधीचीं उपकरणें करणारे कारागीर फार किंमत देतात. थोडक्यांत, घरांतील माणसें रोज भात शिजवीत होतीं आणि त्या भाताच्या धुरानें छप्पर शाबूत राहत होतें. आगटी विझली कीं गवतांत ओल राहते, ओलीबरोबर कीड येते, एका जागीं छिद्र पडतें, त्यांतून गळणारें पाणी खांबाच्या पायाशीं सांचतें आणि तेथें वाळवी लागते. दोनशें वर्षें भूकंप, बर्फ आणि तुफानें सोसलेलें घर माणूस निघून गेल्यावर दहा-वीस वर्षांतच जमिनीवर येतें, त्याचें कारण हें.

दुसरी गोष्ट छपराची. गवती छप्पर कितीही चांगलें असलें तरी वीस-तीस वर्षांनीं, फार तर चाळीस वर्षांनीं, त्याची नव्यानें शाकारणी करावी लागते. गिफू प्रांतांतील शिराकावा-गो येथील घरें या बाबतींत प्रसिद्ध आहेत. नमस्कारासाठीं जोडलेल्या हातांसारखीं त्यांचीं उभट छपरें असल्यामुळें त्या बांधणीस ‘गाश्शो’ हेंच नांव मिळालें आहे. छपराखालच्या माळ्यांवर पूर्वीं रेशमाचे किडे पाळीत. अशा छपराची एक बाजू शाकारण्यास शंभर-दोनशें माणसें लागतात आणि तें काम एक-दोन दिवसांत उरकावें लागतें, कारण उघड्या घरावर पाऊस आला तर सर्वनाश होतो. एवढी मजुरी कोणा शेतकऱ्याला परवडणार? म्हणून तेथें ‘युइ’ नांवाची चाल पडली. महाराष्ट्रांतील शेतकऱ्यांच्या इर्जिकीसारखीच ती आहे. आज सर्व गांव एकाच्या छपरावर चढावयाचें, पुढच्या वर्षीं दुसऱ्याच्या. कोणाच्या घरून किती माणसें आलीं आणि किती भारे गवत आलें, याची वही ठेवावयाची आणि आपली पाळी आली कीं तेवढें फेडावयाचें. तेव्हां हें छप्पर एका कुटुंबाचें नव्हतेंच. तें साऱ्या गांवच्या परस्पर ऋणावर उभें होतें. गांवांतील तरुण माणसें निघून गेलीं, त्या दिवशींच त्याचा पाया सुटला.

युद्धोत्तर काळांत हें घडलें. गवत कापणारे हात कारखान्यांत गेले. पुष्कळांनीं जुन्या गवतावर पत्रा ठोकून टाकला; वरून तें कुरूप दिसलें तरी त्या पत्र्याखालीं कित्येक छपरें आजवर टिकलीं, हा त्या कुरूपपणाचा उपकारच म्हटला पाहिजे. आगटीवर फळ्या पडल्या, काळ्या तुळयांखालीं प्लायवुडचें छत लागलें, मातीच्या भिंतींवर कागद चिकटले. जुन्या घराची लाज वाटण्याचा तो काळ होता. वास्तविक या घरांचें मोल ओळखणारे आधींही होऊन गेले होते. कोन वाजिरो या अभ्यासकानें खेड्यापाड्यांतून हिंडून रेखाटनें केलीं आणि १९२२ सालीं जपानी लोकगृहांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. जर्मन वास्तुशास्त्रज्ञ ब्रूनो टाऊट १९३५ सालीं शिराकावास गेला आणि तेथील बांधणींतील तर्कशुद्धता पाहून त्यानें तिची मुक्तकंठानें स्तुति केली. पण स्तुतीनें छप्पर शाकारलें जात नाहीं. खरा बदल १९७१ सालीं झाला. त्या वर्षीं शिराकावाच्या ओगिमाची गांवानें, आणि तसेंच नाकासेन्दो या जुन्या राजमार्गावरील त्सुमागो गांवानें, आपापसांत करार केला कीं, घर विकावयाचें नाहीं, भाड्यानें द्यावयाचें नाहीं, पाडावयाचें नाहीं. सरकारचा कायदा मागाहून, म्हणजे १९७५ सालीं आला, आणि जागतिक वारशाचा मान शिराकावा-गो व गोकायामा यांना १९९५ सालीं मिळाला.

परंतु असा निर्धार करावयास गांवांत गांव उरलेलें असावें लागतें. जेथें तें उरलें नाहीं, तेथें काय करावें? या प्रश्नाचें एक उत्तर शिकोकु बेटांतील इया खोऱ्यांत पाहावयास सांपडतें. हें खोरें इतकें अरुंद आणि इतकें उभें आहे कीं, घरें डोंगराच्या कुशींत चिकटविल्यासारखीं दिसतात. बाराव्या शतकांतील युद्धांत पराभूत झालेल्या हेइके कुळांतील लोक येथें येऊन लपले, अशी तेथील आख्यायिका आहे. १९७३ सालीं अॅलेक्स कर नांवाच्या, विशी नुकतीच ओलांडलेल्या एका अमेरिकन विद्यार्थ्यानें तेथील एक ओस पडलेलें घर विकत घेतलें. खोऱ्यांतील ओस घरें हिंडून पाहतांना त्याला कित्येक ठिकाणीं भांडीकुंडीं, कपडे, वह्या असें सर्व कांहीं जागच्या जागीं आढळे; माणसें जणूं शेतावर गेलीं आहेत आणि संध्याकाळीं परततील. त्याचें स्वतःचें घर सुमारें तीनशें वर्षांचें होतें. छप्पर गळत होतें, जमीन काजळीनें माखली होती. त्यानें ती घांसून काढली, तेव्हां खालून काळ्या आरशासारख्या फळ्या निघाल्या. त्या घराला त्यानें ‘चिइओरी’, म्हणजे ‘बांसरीची कुटी’, असें नांव दिलें. छपरासाठीं गवत कोठून आणावें, तें शाकारणारा कारागीर कोठें शोधावा आणि त्याला द्यावयाचे पैसे कसे उभे करावे, याच विवंचनेंत पुढें त्याचीं अनेक वर्षें गेलीं. या अनुभवांचें त्याचें पुस्तक १९९३ सालीं जपानी भाषेंत निघालें व त्यास पारितोषिकही मिळालें.

अशा घराच्या दुरुस्तीचा क्रम मोठा शिकण्यासारखा आहे. प्रथम कांहींही बांधावयाचें नसतें, काढावयाचें असतें. प्लायवुडचें छत, चिकटविलेले कागद, मागल्या पिढीनें हौसेनें घातलेल्या खोट्या भिंती हें सर्व उतरविलें कीं मूळचा सांगाडा दिसूं लागतो. मग पायाची पाहणी. ज्या खांबाचा तळ कुजला असेल, त्याच्या बाजूची तुळई जॅकच्या साह्यानें हळूहळू उचलावयाची, कुजलेला भाग कापावयाचा आणि तेथें नव्या लांकडाचा तुकडा खांचेंत खांच अडकवून असा जोडावयाचा कीं, भार पुन्हां आल्यावर सांधा अधिकच घट्ट व्हावा. या कलमाला नेत्सुगि म्हणतात. घर वांकडें झालें असेल तर दोर लावून तें सरळ करतात. जखडलेल्या घराच्या बाबतींत हें शक्य झालें नसतें. खांचांच्या घराला तें शक्य आहे, कारण तें मुळांतच सुटें होण्यासाठीं बांधलेलें असतें. जुनीं घरें पूर्वीं उकलून दुसऱ्या गांवीं नेऊन पुन्हां उभीं करीत, तेंही यामुळेंच. भिंतीचें काम मात्र उतावळ्या माणसाचें नव्हे. माती पेंढ्यांत कालवून कुजत ठेवावी लागते, आणि एक थर पुरता वाळल्याविना दुसरा चढविला तर तो सुटून पडतो.

यानंतर येतो थंडीचा प्रश्न. जुनें जपानी घर उन्हाळा डोळ्यांपुढें ठेवून बांधलेलें असतें. हिंवाळ्यांत आगटीपाशीं तोंड भाजतें आणि पाठ गोठते. जुनेपणाचे कैवारी म्हणतात कीं, हें सोसलें पाहिजे. पण म्हाताऱ्या आईला घेऊन राहणाऱ्या गृहस्थानें तें कां सोसावें, याचें उत्तर ते देत नाहींत. कर यांनीं २०१२ सालीं चिइओरीचा जो मोठा जीर्णोद्धार केला, त्यांत जमिनीच्या फळ्या उचलून खालीं ऊब टिकविणारा थर आणि उष्णतेच्या नळ्या बसविल्या, स्वयंपाकघर व न्हाणीघर नव्या पद्धतीचें केलें आणि त्याच काळ्या फळ्या वर पुन्हां पसरल्या. आगटी जागच्या जागीं राहिली. निइगाता प्रांतांत ताकेतोकोरो नांवाच्या गांवीं १९९३ पासून कार्ल बेंग्स नांवाच्या जर्मन वास्तुशास्त्रज्ञानें याहून धीट वाट चोखाळली. तेथें बर्फ माणसाच्या डोक्याहून उंच सांचतें. त्यानें जुने सांगाडे उकलून, दुरुस्त करून पुन्हां उभारले. पण भिंतींना उजळ रंग दिले आणि खिडक्यांना दुहेरी कांचा लावल्या. मरणपंथास लागलेल्या त्या वाडींत नवीं कुटुंबें राहावयास आलीं. कर यांच्या घरांत काळोखाचें सौंदर्य राखलें आहे, बेंग्स यांच्या घरांत तें राहिलेलें नाहीं. तरीही मुलाबाळांच्या संसाराला दुसरेंच अधिक मानवतें, हें कबूल केलें पाहिजे.

या घरांत राहण्याचें सुख काय, असें कोणी विचारील. तें चटकन दाखवितां येण्यासारखें नाहीं. गवती छपराखालीं पावसाचा आवाज येत नाहीं; बाहेर धो धो कोसळत असतां आंत शांत असतें, आणि पाऊस थांबल्यावरही कितीतरी वेळ वळचणीचे थेंब एक एक करून पडत राहतात. उन्हाळ्यांत सरकत्या भिंती काढून ठेवल्या कीं सबंध घर एक मंडप होतें आणि खोऱ्यांतला वारा एका बाजूनें शिरून दुसरीनें निघून जातो. शरद् ऋतूंत सोललेलीं पर्सिमनचीं फळें दोरीला बांधून वळचणीखालीं वाळत घालतात. उन्हांत तीं दिव्यांच्या माळेसारखीं दिसतात. वर्षाच्या अखेरीस दारांवरचा जुना कागद फाडावयाचा आणि नवा चिकटवावयाचा. वर्षभर फाडूं नका म्हणून ज्यांना दरडावलेलें असतें, त्या पोरांना त्या दिवशीं मोकळीक. तांदळाच्या कोंड्याची पुरचुंडी करून तिनें फळ्या घांसल्या कीं त्या चकाकतात. या सुखांतील जवळजवळ प्रत्येक सुख कांहीं ना कांहीं कामाच्या पोटीं आलेलें आहे, हें लक्षांत घेतलें पाहिजे. काम दुसऱ्याकडून करून घेणाऱ्याला घर मिळतें, पण यांतलें फार थोडें मिळतें.

शहरांतून येणाऱ्या हौशी माणसाची गाडी बहुधा येथेंच अडते. खांबाची कूज त्याला कळते, शेजाऱ्याची अपेक्षा कळत नाहीं. गांवचा पाट वर्षांतून एकदां सर्वांनीं मिळून उपसावयाचा असतो, रस्त्याच्या कडेचें गवत कापावयाचें असतें, देवळाच्या उत्सवाला पालखी उचलावयाची असते. वय सत्तरीच्या पलीकडे गेलेलीं माणसें तें करीत असतात. त्या दिवशीं नवा मालक तोकियोला असला तर त्याच्या घराचें छप्पर कितीही सुंदर असो, गांवच्या लेखीं तें घर ओसच आहे. ओचिआई नांवाची एक वाडी इया खोऱ्यांतच आहे. तिचें सर्वांत खालचें आणि सर्वांत वरचें घर यांच्या उंचींत सुमारें ३९० मीटरचें अंतर आहे. २००५ सालीं तिला संरक्षित वस्ती ठरविण्यांत आलें आणि पुढें कांहीं ओस घरें दुरुस्त होऊन पाहुण्यांसाठीं उघडलीं गेलीं. पाहुणा दोन रात्रीं राहतो आणि जातो. त्याच्यानें पाट उपसला जात नाहीं, असा आक्षेप घेतां येईल व तो खोटा नाहीं. पण त्याच्या पैशानें छप्पर शाकारलें जातें, जेवण रांधणाऱ्या गांवकरणीला चार पैसे मिळतात आणि घर रोज उघडलें जातें. याच खोऱ्यांत नागोरो नांवाचें गांव आहे. तेथील एका स्त्रीनें गेलेल्या शेजाऱ्यांच्या जागीं कापडाच्या बाहुल्या करून ठेवण्यास आरंभ केला, आणि आतां गांवांत माणसांहून बाहुल्याच अधिक आहेत. शाळा २०१२ सालीं बंद पडली. वर्गांतल्या बाकांवर बाहुल्या बसल्या आहेत. त्या दृश्यापुढें ओचिआईच्या भाडोत्री पाहुण्यांविषयीं तक्रार करावयास मन धजत नाहीं.

१ जानेवारी २०२४ रोजीं नोतो द्वीपकल्पांत मोठा भूकंप झाला. काळ्या, जड कौलांचीं शेंकडों जुनीं घरें कोसळलीं. जीं उभीं राहिलीं पण मोडकळलीं, तीं सरकारी खर्चानें पाडून देण्याची सोय करण्यांत आली. निराधार झालेल्या म्हाताऱ्यांना ती आवश्यकच होती. तरी त्या सोयीमुळें जीं दुरुस्त झालीं असतीं तींही घरें घाईनें पाडलीं जात आहेत, अशी हळहळ जाणकारांनीं व्यक्त केली. कुजलेल्या पायाचें घर भूकंपांत टिकत नाहीं, आणि पाया कुजतो तो पाहणारें कोणी नसल्यामुळें. हें तेथेंही दिसून आलें. लांकडी बांधकामाचीं जपानांतील परंपरागत कसबें संयुक्त राष्ट्रांच्या युनेस्को संस्थेनें २०२० सालीं मानवजातीच्या वारशांत नोंदविलीं. शाकारणी, मातीची लिंपणी, सुतारकाम हीं सर्व त्यांत आहेत. नोंद झाली, आतां शिकणारीं मुलें पाहिजेत. तीं थोडीं का होईनात, येत आहेत, आणि त्यांत मुलीही आहेत.

इया खोऱ्याच्या आसपास अजूनही शेतकरी शरद् ऋतूच्या अखेरीस डोंगरावरचें उंच गवत कापतात आणि मध्यें खांब रोंवून त्याभोंवतीं तें शंकूसारखें रचून ठेवतात. उतरत्या शेतांतली माती वाहून जाऊं नये म्हणून तें जमिनींत घालतात. या शेतीला २०१८ सालीं जागतिक मान्यता मिळाली. छपराला लागतें तें याच जातीचें गवत. कुरणावर दरवर्षीं विळा फिरला नाहीं तर त्यांत झुडपें माजतात आणि कांहीं वर्षांत त्याचें रान होतें. तेव्हां घर घेऊं इच्छिणाऱ्यास तेथील म्हातारा शेतकरी घराची किंमत सांगण्यापूर्वीं विचारतो कीं, नोव्हेंबर महिन्यांत तुम्ही येथें असाल काय.